कांडल्याची भिंत आणि उरलेल्या मालाचा हिशोब

"पीएच.डी. कशात करतेस गं?" असं लग्नकार्यात कुणी विचारलं की पूर्वी मी विषयाचं पूर्ण नाव सांगायचे. आता "कस्टम्सच्या इतिहासावर" एवढंच म्हणते. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे विमानतळावर सोनं पकडतात ते?"

तर, ते नाही. माझा विषय आहे मुक्त व्यापार क्षेत्रं, म्हणजे आजच्या भाषेत एसईझेड, आणि तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर कस्टम्स कसं लक्ष ठेवत आलं. आपल्याकडे एसईझेड म्हटलं की रायगडमधलं जमिनीचं आंदोलन आठवतं आणि ते योग्यच आहे. पण आज जमिनीबद्दल नाही, मालाबद्दल लिहिते. कारण या मालाची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, आणि तिच्या शेवटी माणसं येतातच.

सुरुवात एका कोड्यानं करू. कच्छमध्ये कांडला बंदराजवळ सुमारे हजार एकरांची एक जागा आहे. तिला भिंत आहे, गेट आहे. तुम्ही आत गेलात तरी तुम्ही भारतातच असता. पोलीस भारताचे, कोर्ट भारताचं, चहाचे पैसे रुपयांत. पण तुमच्या शेजारी पडलेला कापडाचा गठ्ठा मात्र सीमाशुल्काच्या दृष्टीनं भारतात नसतो! तो गेटमधून बाहेर पडून गांधीधामच्या रस्त्यावर आला की त्याची 'आयात' होते आणि त्यावर शुल्क लागतं. म्हणजे माणूस देशात आणि गठ्ठा परदेशात, दोघंही एकाच छपराखाली.

ही कल्पना कायद्यात अगदी सरळ लिहिलेली आहे. २००५ च्या एसईझेड कायद्याचं कलम ५३ म्हणतं की मंजूर कामकाजापुरतं हे क्षेत्र भारताच्या सीमाशुल्क हद्दीबाहेर आहे असं मानायचं. 'मानायचं' हा शब्द महत्त्वाचा. जमीन हललेली नाही, फक्त हिशोबाची रेघ हलली आहे.

रसायनशास्त्राची एक सवय

मी एम.एस्सी. केलं रसायनशास्त्रात. इतिहासाकडे नंतर वळले, त्यामुळे डोक्यातल्या काही सवयी जात नाहीत. त्यातली एक म्हणजे वस्तुमानाचा ताळेबंद. कुठल्याही भांड्याभोवती मनातल्या मनात एक रेघ आखायची आणि लिहायचं:

आत गेलेलं = बाहेर आलेलं + आत उरलेलं + वाया गेलेलं.

दोन बाजू जुळल्या नाहीत तर एक तर मोजमाप चुकलंय, नाहीतर भांडं गळतंय. झोनमधल्या कस्टम्सचं काम बरोबर हेच आहे. कारखान्यानं शंभर किलो कच्चा माल बिनशुल्क आत आणला. तयार माल होऊन नव्वद किलो परदेशी गेला. मग दहा किलो कुठे आहे? गोदामात आहे? कातरणात गेला? की रात्री टेम्पोत बसून अहमदाबादच्या बाजारात गेला?

माझा मुद्दा आधीच सांगून टाकते. गेल्या साठ वर्षांत सरकारनं हा ताळेबंद जुळवण्याची पद्धत पूर्ण बदलली. आधी मालावर नजर असायची, आता कागदावर असते. पण हा बदल सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला नाही.

कांडलाच का?

फाळणीत कराची बंदर गेलं. सिंध, पंजाब, राजस्थान आणि उत्तर गुजरातचा माल ज्या दारानं समुद्राकडे जायचा, ते दारच दुसऱ्या देशात गेलं. पर्यायी बंदर शोधण्यासाठी उद्योगपती कस्तुरभाई लालभाई यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिनं १९४८ मध्ये कांडल्याची शिफारस केली. १९५२ च्या जानेवारीत नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली, १९५५ मध्ये कांडला 'प्रमुख बंदर' म्हणून जाहीर झालं. शेजारी गांधीधाम वसत होतं. भाई प्रताप दियालदास यांच्या पुढाकारानं सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी उभारलेलं शहर.

बंदर झालं, शहर झालं. पण शहराला रोजगार हवा होता आणि बंदराला माल. १९६५ मध्ये कांडला मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झालं. आशियातलं पहिलं निर्यात प्रक्रिया क्षेत्र म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. तैवानमधलं काओश्युंगचं क्षेत्र त्यानंतर, १९६६ मध्ये आलं. चीनचं शेनझेन तर १९८० मधलं.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. अख्खं बंदर मुक्त केलेलं नव्हतं. मुक्त क्षेत्र बंदरापासून काही किलोमीटरवर, आतल्या बाजूला होतं. म्हणजे जहाजातून उतरलेला माल आधी 'भारतात' येणार, मग भारतातल्या रस्त्यावरून जाणार आणि पुन्हा 'भारताबाहेर' शिरणार. ताळेबंदाच्या भाषेत सांगायचं तर एक भांडं नाही, दोन भांडी आणि मध्ये एक नळी. गळती कुठेही होऊ शकते, पण सगळ्यात जास्त भीती नळीची.

गेटवरचा संशय

त्या काळातला संशय समजून घ्यायचा तर तेव्हाचे दर बघायला हवेत. परदेशी माल महाग पडावा आणि देशी उद्योग टिकावा हे धोरणच होतं. १९९०-९१ पर्यंत सीमाशुल्काचा सर्वोच्च दर साडेतीनशे टक्क्यांच्या घरात पोचला होता. म्हणजे शंभर रुपयांची वस्तू शुल्कासकट साडेचारशेच्या आसपास. आता विचार करा, भिंतीच्या आत ती शंभरला आणि बाहेर साडेचारशेला. ही भिंत म्हणजे दाबातला फरक अडवून धरणारा पडदाच. दाब जितका जास्त, तितकी बारीक भोकंसुद्धा धोक्याची. ज्यांच्या घरात त्या काळात कुणी दुबईहून घड्याळ किंवा टेपरेकॉर्डर आणला असेल, त्यांना हा दाब वेगळा समजावून सांगायला नको.

म्हणून त्या व्यवस्थेत कस्टम्सचे लोक झोनमध्येच बसायचे. आलेली खेप बघायची, गठ्ठे मोजायचे, वजन करायचं, नोंदवहीत चढवायचं. कारखानदार बाँड लिहून द्यायचा की या मालाची निर्यात झाली नाही तर शुल्क भरीन. आणि हे सगळं स्वतंत्र कायद्याशिवाय. १९६२ चा सीमाशुल्क कायदा होता, आणि त्याखाली वेळोवेळी निघालेल्या अधिसूचना. झोनसाठी वेगळा कायदा यायला २००५ साल उजाडलं.

ही पद्धत कडक होती, पण तिची किंमतही होती. निर्यातदाराला वेळेत जहाज गाठायचं असतं. प्रत्येक खेपेला अधिकारी, प्रत्येक पेटी उघडायची आणि पुन्हा बांधायची, त्यात एक दिवस गेला तर जहाज गेलं. सवलत शुल्कात मिळायची आणि निम्मी वेळेत जायची, अशी निर्यातदारांची तक्रार असायची. त्या काळात या झोनचा मोठा आधार सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपची बाजारपेठ होती. ती १९९१ नंतर कोसळली आणि कांडल्याला मोठा फटका बसला.

कोट की चिंध्या?

ताळेबंदात सगळ्यात अवघड रकाना कुठला? 'वाया गेलेलं'. याचं कांडल्यातलं माझं आवडतं उदाहरण जुन्या कपड्यांचं आहे.

कांडल्याच्या झोनमध्ये युरोप-अमेरिकेतून वापरलेले कपडे गठ्ठ्यांनी येतात. कामगार, त्यात बायका मोठ्या संख्येनं, ते गठ्ठे सोडून कपड्यांची निवड करतात: चांगले, बरे, फाटके, लोकरीचे, सुती. त्यातले बरेचसे पुन्हा बांधून आफ्रिकेसारख्या बाजारपेठांत जातात. भारतात मात्र वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत, कारण स्वस्त जुना कोट इथल्या शिलाई उद्योगाच्या पोटावर पाय देईल. मग जे निर्यातीच्या लायकीचं नाही त्याचं काय करायचं?

उत्तर: कात्री. कपडा ठिकठिकाणी असा कापायचा की तो पुन्हा घालता येणार नाही. मग तो 'कपडा' उरत नाही, 'चिंध्या' होतो. आणि लोकरीच्या चिंध्यांना पानिपतमध्ये गिऱ्हाईक आहे. तिथे त्या पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची घोंगडी-ब्लँकेटं विणतात.

आता कस्टम्स अधिकाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. समोर एक कोट आहे, पाठीवर एक काप. हा कोट की चिंधी? शिंप्याकडे दिला तर जुळेल का? किती काप म्हणजे पुरेसे? यावरचे नियम आणि किती टक्के माल देशात विकू द्यायचा याच्या अटी वेळोवेळी बदलत राहिल्या, आणि प्रत्येक बदलामागे कोणी ना कोणी "हे गळतंय" असं ओरडत होतं. एका बाजूला देशी कापडवाले, दुसऱ्या बाजूला झोनमधले कारखाने.

मला यातून एक गोष्ट उमगली. आपण समजतो की सीमा भिंतीवर असते. इथे सीमा त्या कोटाच्या पाठीवरून जाते. कात्री चालली की एका कोटाची आयात 'बंदी'तून 'परवानगी'त येते. भिंत फक्त ती कात्री चालायला जागा देते.

भिंतीवरून कागदावर

नव्वदीच्या दशकात शुल्क उतरायला लागलं. बिगरशेती मालावरचा सर्वोच्च दर २००७ पर्यंत दहा टक्क्यांवर आला. दाब कमी झाला, तसा गळतीचा मोहही कमी झाला. त्याच सुमारास कंटेनरही स्थिरावला होता. न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं ते मुख्यतः कंटेनरसाठीच. सुट्या गठ्ठ्यांऐवजी आता बंद पेटी आली, तिला क्रमांक असलेलं सील आलं. सील शाबूत आहे ना? मग आतला माल शाबूत आहे, असं मानायचं. पुन्हा 'मानायचं'!

२००० मध्ये वाणिज्य मंत्री मुरासोली मारन यांनी एसईझेड धोरण जाहीर केलं आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला कांडला, सांताक्रूझ, कोची आणि सुरत ही जुनी क्षेत्रं एसईझेड झाली. २००५ मध्ये कायदा झाला आणि २००६ च्या फेब्रुवारीत नियम आले. त्या नियमांत एक वाक्य आहे ज्याच्याभोवती माझा एक अख्खा प्रकरणभर मजकूर फिरतो. त्याचा आशय असा: मालाची ये-जा कारखान्यानं स्वतः केलेल्या घोषणेवर चालेल, आणि खास आदेश असल्याशिवाय नेहमीची तपासणी होणार नाही.

गेटवरच्या कारकुनापासून हा प्रवास केवढा मोठा आहे बघा. आधीचा नियम होता "दाखव, मग जा". आता झाला "सांग आणि जा".

मग ती दोन भांड्यांमधली नळी? समजा न्हावा शेव्याला उतरलेला कंटेनर एखाद्या झोनमधल्या कारखान्यात जायचाय. कारखाना आपलं बिल ऑफ एन्ट्री बंदरात नाही, तर झोनमध्ये बसलेल्या अधिकृत अधिकाऱ्याकडे दाखल करतो. तेच कागद बंदरातून माल हलवायला परवानगी म्हणून चालतात. माल झोनमध्ये पोचल्याची नोंद असलेली प्रत ४५ दिवसांच्या आत बंदरातल्या कस्टम्सकडे परत यायला हवी. आली नाही, तर शुल्कवसुलीची प्रक्रिया सुरू. म्हणजे रस्त्यावर कुणी शिपाई बरोबर नाही, आहे तो परतीचा कागद. नळीची गळती माल बघून नाही, कागद परत आला की नाही यावरून ओळखायची.

आणि शेवटचा ताळेबंदही बदलला. कारखान्याचं पाच वर्षांचं निव्वळ परकीय चलन धन असलं पाहिजे, ही आता मुख्य अट. किलोचा हिशोब डॉलरमध्ये गेला. माझ्यातल्या रसायनवालीला इथे थोडं अस्वस्थ व्हायला होतं, कारण वस्तुमान खोटं बोलत नाही, किंमत बोलू शकते. बिलावर किंमत वाढवून लिहिली तर डॉलरचा ताळेबंद जुळतो आणि किलोचा जुळत नाही. पण किलो रोज कोण मोजणार?

यात एक जुना तिढाही आहे. झोनमधला कस्टम्स अधिकारी महसूल खात्यातून आलेला, आणि झोनचा प्रमुख, म्हणजे विकास आयुक्त, वाणिज्य मंत्रालयाचा. एकाला शिकवलंय, गळती शोध. दुसऱ्याला सांगितलंय, निर्यात वाढव. दोघंही सरकारच आहेत, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

हॅम्बुर्गनं कुंपण काढलं

कागदानं भिंतीची जागा घेतली तर भिंत कशाला हवी? हा प्रश्न एका शहरानं खरोखरच सोडवून दाखवलाय. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरानं १८८८ मध्ये साम्राज्याच्या सीमाशुल्क हद्दीत प्रवेश केला, पण बंदराचा एक भाग मुक्त ठेवला. त्यासाठी गोदामांची नगरी बांधली आणि त्या जागेवर राहणाऱ्या सुमारे वीस हजार लोकांना हलवलं. सव्वाशे वर्षं कुंपण आणि कस्टम्सची गेटं होती. मग १ जानेवारी २०१३ ला मुक्त बंदर बंद झालं आणि ट्रक त्या गेटांवर थांबायचे थांबले. कारण सोपं होतं: बहुतेक माल बंद कंटेनरमध्ये, युरोपीय संघात आपसात शुल्क नाही, आणि उरलेल्या मालासाठी संगणकावरचे कागद पुरेसे. हलवलेली माणसं अर्थातच परत आली नाहीत.

आपल्याकडे भिंत मात्र राहिली. मुंबईत अंधेरीला तर ती रोज दिसते.

मग भिंत कुणासाठी?

सीप्झ १९७३ मध्ये सुरू झालं, सुमारे ११० एकरांत, मुळात इलेक्ट्रॉनिक्ससाठी. नंतर तिथे हिरे आणि सोन्याच्या दागिन्यांचे कारखाने आले. सोन्याचा ताळेबंद म्हणजे सगळ्यात नाजूक. कानशीनं घासताना उडालेली धूळ, झाडलोट, हात धुतलेलं पाणी, सगळं जपतात आणि त्यातून सोनं परत काढतात. मराठीत यासाठी जुना शब्द आहे: झारेकरी, सोनाराच्या राखेतून सोन्याचे कण शोधणारा. एसईझेडच्या नियमांनी 'घट' म्हणून काही टक्के मान्य केले आहेत. त्यापलीकडे गेलं की प्रश्न.

अशाच एका झोनच्या गेटवर (कुठल्या ते सांगत नाही) मी कामासाठी गेले होते. संध्याकाळी पाळी सुटत होती. एका बाजूला बायकांची रांग. पर्स उघडा, डबा उघडा, पडद्यामागे जा, बाहेर या. माझी वहीसुद्धा चाळून बघितली. दुसऱ्या फाटकातून एक कंटेनर बाहेर निघाला. ड्रायव्हरनं कागद दिले, गेटवरच्या माणसानं सीलचा नंबर ताडून बघितला, शिक्का मारला, गेला. चहा प्यायलाही याहून जास्त वेळ लागतो.

रांगेतल्या एका ताईंना मी विचारलं, रोज असंच असतं का? त्या म्हणाल्या, "रोजच. कण कुठे अडकला तर? साहेबांना हिशोब द्यायचा असतो." त्यांच्या बोलण्यात तक्रारसुद्धा नव्हती. मला तेच जास्त लागलं.

मी हे अन्यायाचं सोपं चित्र म्हणून सांगत नाहीये. सोन्याचा कण खिशात जाऊ शकतो हे खरं आहे, आणि ही झडती बऱ्याचदा कारखानाच घेतो, कारण घट वाढली तर उत्तर त्याला द्यायचं असतं. पण एका वीस फुटी कंटेनरमध्ये वीस टनांहून अधिक माल मावतो. तिथे चुकीची घोषणा झाली तर किती कण लागतील त्याच्या बरोबरीला? ताळेबंदाच्या नियमानं मोठ्या प्रवाहाचं मोजमाप आधी नीट करायचं असतं. आपण मोठ्या प्रवाहावर विश्वास ठेवायला शिकलो आणि छोट्या प्रवाहावर १९६५ चाच संशय चालू ठेवला. मालासाठी "सांग आणि जा" आलं. माणसासाठी "दाखव, मग जा" तसंच राहिलं.

याचं एक कारण अगदी व्यवहारी आहे. कंटेनर थांबला तर जहाज चुकतं, विलंबाचे पैसे लागतात, कुणीतरी मंत्रालयात पत्र लिहितं. रांगेत रोज थांबलेल्या बाईची लोकल चुकते. त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. ताळेबंदात तो रकानाच नाही.

जाता जाता एका शब्दाबद्दल. कच्छमध्ये मांडवी नावाचं जुनं बंदर आहे आणि मुंबईत गोदीजवळ मांडवी नावाचा भाग आहे. मांडवी म्हणजे जकातघर. माल जिथे मांडायचा आणि मोजायचा ती जागा, असं मी आपलं लक्षात ठेवते. आता मांडामांड कागदावर होते. पण गेटवर रोज संध्याकाळी कोण काय मांडतंय, तेही इतिहासात यायला हवं असं मला वाटतं. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावरच आहे.

तुमच्या घरातलं कुणी सीप्झमध्ये, कांडल्यात किंवा गोदीवर काम केलेलं असेल, तर त्यांना एवढंच विचारून बघा: सुटताना गेटवर किती वेळ लागायचा? आणि जमलं तर मला कळवा.